पंकचं सर्टिफिकेट कोण देणार?

"ग्रीन डे पंक नाहीच" असं कोणीतरी इंटरनेटवर टाकून निघून जातं आणि मग पुढचे दोन दिवस बाकीच्यांना झोप नसते. ग्रीन डे हा अमेरिकन बँड, आणि पंक म्हणजे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क-लंडनमध्ये उभं राहिलेलं साधं, वेगवान, उद्धट रॉक. एक जण रमोन्सचं नाव काढतो, दुसरा क्लॅशचं, म्हणजे त्या पहिल्या पिढीतल्या बँड्सचं, तिसरा म्हणतो खरा पंक १९७९ लाच संपला आणि तुम्ही सगळी पोरंटोरं आहात, चौथा बिचारा एवढंच विचारतो की मग ब्लिंक-१८२ ला काय म्हणायचं, आणि त्याच्यावर सगळे मिळून तुटून पडतात. २०२५ च्या मार्चमध्ये ग्रीन डे लोलापालूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले तेव्हा हे सगळं परत उकरून निघालं, आणि "रेसकोर्सवर कसला आलाय पंक" असाही एक मुद्दा आला, जो खरं तर वाईट मुद्दा नाहीये, त्याच्याकडे येतोच.

माझं म्हणणं असं आहे की या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकाच नावात कोंबलेत. गाणं कानाला कसं लागतं हा एक. आणि बँड वागतो कसा, पैसे कोणाकडून घेतो, कुठे वाजवतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हेडफोन लावून मिळतं, दुसऱ्यासाठी चौकशी करावी लागते. आपण काय करतो, तर दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतो. बँडने मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून त्याच्या गिटारचा आवाज बदलला असं सांगत सुटतो.

आधी कानाचं बघू. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले दोन-तीन सूर, आणि या सगळ्या बँड्सचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि प, बास. गंधार नाही. गंधारच नसल्यामुळे तो कॉर्ड मेजरही (गोड) नाही आणि मायनरही (उदास) नाही, कोरडाच. हे लोकांनी आळसापोटी केलं असं समजू नका, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं, फुल लावून गंधारासकट पूर्ण कॉर्ड वाजवला की त्याचा चिखल होतो, सा-प मात्र त्या गोंगाटातही स्वच्छ उभे राहतात. रमोन्सचा गिटारवाला जॉनी रमोन हे सगळं फक्त डाउनस्ट्रोकने वाजवायचा, म्हणजे हात खाली जाताना तारा वाजणार, वर येताना नाही, आणि हे त्या स्पीडला. ज्यांच्याकडे गिटार आहे त्यांनी सलग दहा मिनिटं करून बघा, मनगट बोंबलायला लागतं. आता गिटारमध्ये गंधार नाही म्हटल्यावर गाणं गोड वाटणार की उदास हे ठरवणार कोण, तर गाणारा. तो गंधार त्याच्या गळ्यात असतो. म्हणून या संगीतात गाण्याची चाल एवढी महत्त्वाची ठरते, आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून यात पॉप होतं. नंतर कोणी पाणी घातलं वगैरे काही नाही.

रमोन्सचंच घ्या, ज्यांचं नाव सगळ्यात जास्त सोवळ्यात ठेवलं जातं. १९७६ चा पहिला अल्बम, १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, खर्च साधारण ६,४०० डॉलर. पण त्यांचं ते प्रसिद्ध 'हे हो' ओरडणं सुचलं कशावरून, तर बे सिटी रोलर्स नावाच्या बँडच्या एका गाण्यावरून, ज्या बँडवर तेव्हा शाळकरी मुली फिदा होत्या. रमोन्सना मनापासून हिट व्हायचं होतं. १९८० च्या अल्बमसाठी त्यांनी थेट फिल स्पेक्टरला निर्माता म्हणून घेतलं, म्हणजे साठच्या दशकातल्या पोरींच्या ग्रुप्सची गोड गाणी ज्याने घडवली तो माणूस. तिकडे मँचेस्टरचे बझकॉक्स, पहिलं रेकॉर्ड १९७७ च्या जानेवारीत उसने पैसे घेऊन स्वतःच काढलं, त्याहून पंक काय असतं, आणि पुढच्या वर्षी चक्क प्रेमभंगाची गाणी गात होते, अशी की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्हीच गुणगुणायला लागता.

आता ग्रीन डेचं १९९४ चं 'बास्केट केस' लावा. सुरुवातीला फक्त गळा आणि हाताने दाबून धरलेली गिटार, ड्रम्स जरा थांबून येतात, आणि आले की सुटतात. कॉर्ड्स बघितले तर पाखेलबेलच्या कॅननच्या जवळपास जाणारी उतरंड आहे, म्हणजे ती जुनी पाश्चात्य शास्त्रीय रचना जी जगभर लग्नात वाजते. त्यावर एक पोरगा पॅनिक अटॅकबद्दल गातोय, तीन मिनिटांत खेळ खल्लास. यात रमोन्स आहेत, बझकॉक्स आहेत, सगळं आहे. फक्त रेकॉर्डिंग स्वच्छ आहे आणि ते रिप्राइझ या कंपनीने काढलंय, जी वॉर्नरची. मला सांगा, कंपनीचं नाव झाकून ऐकवलं तर कोणता शहाणा ओळखणार आहे?

म्हणजे कानाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ग्रीन डे हा पॉप-पंक, म्हणजे गोड चालींच्या पंकचा, बँड आहे आणि हे नाव अगदी बरोबर बसतं. गंमत म्हणजे त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगला स्वतःला हे नाव अजिबात आवडत नाही, एक तर पंक असा नाहीतर नसा असं त्याचं म्हणणं. असू दे. नाव त्याला आवडतं की नाही याने वर्णन चुकत नाही. आमच्याकडे कित्येक कवी आहेत ज्यांना कोणत्याच कप्प्यात बसायचं नसतं, तरी लायब्ररीवाल्याला पुस्तक कुठेतरी ठेवावंच लागतं.

दुसरा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग आहे आणि तिथे मी ग्रीन डेच्या विरोधकांना उडवून लावणार नाही, कारण त्यांचं भांडण हवेतलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये ९२४ गिलमन स्ट्रीट नावाचा क्लब आहे, १९८६ च्या ३१ डिसेंबरला सुरू झाला. दारू नाही, कोणत्याही वयाच्या पोरांना प्रवेश, कामं सगळी स्वयंसेवक करणार, आणि एक नियम असा की मोठ्या कंपनीशी करार असलेल्या बँडला तिथे वाजवता येणार नाही. ग्रीन डे याच जागेत वाढले, आधी स्वीट चिल्ड्रन या नावाने, मग ग्रीन डे म्हणून. पहिले दोन अल्बम लुकआउट नावाच्या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढले. मग १९९३ मध्ये त्यांनी रिप्राइझशी करार केला आणि नियमाप्रमाणे गिलमनचं दार बंद झालं. १९९४ च्या फेब्रुवारीत त्यांचा 'डूकी' हा अल्बम आला आणि पुढच्या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर गेला.

आता गिलमनवाल्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही फुकट राबून, संडास साफ करून एक जागा चालवताय, आणि अचानक कंपन्यांची माणसं पुढचा बँड कोणता उचलायचा म्हणून तिथे घिरट्या घालायला लागतात. राग येणारच. मॅक्झिमम रॉकनरोल हे तिथलं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनीच काढलेलं मासिक, टिम योहानन चालवायचा, त्यांनी १९९४ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या विरोधात अख्खा अंक काढला. मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्ड्सना परीक्षणातही जागा द्यायची नाही असं त्यांचं धोरण. कडक आहे, पण मला पटतं, आपल्या मासिकात कोणाला जागा द्यायची हे ज्याचं तो ठरवेल.

पण त्याच वर्षी त्याच गिलमनमध्ये जेलो बिआफ्राला मारहाण झाली. डेड केनेडीज या पंक बँडचा गायक, ज्याने स्वतःचं लेबल चालवलं, आयुष्यभर कंपन्यांना शिव्या घातल्या, त्याला 'विकला गेलेला रॉक स्टार' म्हणत पाडलं आणि पाय मोडला. म्हणजे सर्टिफिकेट वाटायची सवय लागली की हे इथपर्यंत जातं, आणि तेही चुकीच्या माणसावर.

शिवाय छोटं लेबल म्हणजे पवित्र, मोठं लेबल म्हणजे पापी हा हिशोबही तितका सरळ नाही. लुकआउटने पुढे रॉयल्टी थकवली आणि २००५ मध्ये ग्रीन डेने आपले जुने अल्बम त्यांच्याकडून काढून घेतले, आणि ते असं करणारे एकटे नव्हते. १९९४ चाच ऑफस्प्रिंग या बँडचा 'स्मॅश' एपिटाफ या स्वतंत्र लेबलवर आला आणि कोटीच्या वर विकला गेला, आणि एपिटाफचा मालक ब्रेट गुरेविट्झ, बॅड रिलिजनचा गिटारवाला, पण बॅड रिलिजन हा बँड तोपर्यंत अटलांटिक या मोठ्या कंपनीकडे गेलेला! आता लावा नियम. ऑफस्प्रिंग पंक आणि बॅड रिलिजन नाही? असं बोललात तर दोन्हीकडचे लोक हसतील.

उलटं उदाहरण फुगाझीचं. वॉशिंग्टनचा बँड, इयन मकाय त्यात, डिस्कॉर्ड हे लेबलही त्याचंच. तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं, सगळ्या वयाच्या पोरांना सोडायचं, मोठ्या कंपनीला दारात उभं करायचं नाही. पण संगीत ऐका, त्यात रमोन्सचा मागमूस नाही, बेस गिटार डबच्या, म्हणजे रेगेतून निघालेल्या संगीताच्या, अंगाने जाते, मध्येच शांतता, मध्येच स्फोट. तरी फुगाझी पंक नाही असं म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणजे फुगाझी वागण्याने पंक आणि ग्रीन डे आवाजाने पंक, आणि दोघांसाठी आपण एकच नाव वापरतो म्हणून सगळा घोळ.

आपल्याकडे घराण्यांचं असंच चालतं ना. अमुक जयपूरचा म्हणजे नक्की काय, तो जयपूरच्या गुरूकडे शिकला की तो जयपूरसारखा गातो? बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतं म्हणून प्रश्न पडत नाही. किशोरीताईंनी त्या गायकीत भावाला जागा दिली तेव्हा किती जाणकारांनी नाकं मुरडली, हे जयपूर नव्हे म्हणाले, आणि आज जयपूर म्हटलं की लोकांच्या तोंडी त्यांचंच नाव आधी येतं. फरक एवढाच की तिथे नाकं मुरडणाऱ्यांना निदान बंदिश पाठ होती.

बरं ही नावं ठेवतं कोण हेही बघायला पाहिजे. वाजवणारे फार कमी वेळा. 'पंक रॉक' हे नाव अमेरिकेतल्या समीक्षकांनी १९७१-७२ च्या सुमारास वापरायला सुरुवात केली ती साठच्या दशकातल्या गॅरेज बँड्ससाठी, लंडनचा सेक्स पिस्टल्स हा बँड तेव्हा जन्मालाही आला नव्हता. न्यूयॉर्कच्या ज्या सीबीजीबी क्लबला पंकचं जन्मस्थान म्हणतात, त्याच्या नावातली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची, मालकाला ते वाजवायचं होतं! मग पंक या नावाला रेडिओवाले घाबरायला लागले तेव्हा सायर रेकॉर्ड्सच्या सेमूर स्टाइनने 'न्यू वेव्ह' हे नाव पुढे रेटलं, जेणेकरून टॉकिंग हेड्ससारखे बँड विकता यावेत. ग्रॅमीमध्ये आजही पंकचा वेगळा विभाग नाही, 'डूकी'ला १९९५ मध्ये बक्षीस मिळालं ते अल्टर्नेटिव्हमध्ये. आणि आता स्ट्रीमिंग अ‍ॅपची प्लेलिस्ट. म्हणजे ज्या नावांसाठी आपण एकमेकांना ब्लॉक करतो ती बऱ्याचदा दुकानदाराच्या सोयीची असतात.

क्लॅशने १९७७ च्या जानेवारीत सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला तेव्हा स्निफिन ग्लू या फॅनझिनचा मार्क पेरी म्हणाला होता की त्या दिवशी पंक मेला. म्हणजे क्लॅशचा पहिला अल्बम यायच्या आधीच पंक मेलेला. सेक्स पिस्टल्स तर ईएमआय, मग ए अँड एम, मग व्हर्जिन, असे कंपन्या बदलत फिरले. १९७८ मध्ये क्रास या इंग्लिश पंक बँडने गाण्यातच पंकचं श्राद्ध घातलं. इतक्या वेळा मेलेलं दुसरं काही मला तरी माहीत नाही. १९७९ च्या डिसेंबरमध्ये क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' आला त्यात रेगे, स्का, रॉकबिली, जॅझ, काय नाही, आणि आज तो प्रत्येक पंक यादीत वरच्या पाचात. तेव्हा ग्रीन डेच्या 'अमेरिकन इडियट'ला पुढे २०१० मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका झाली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपला हिशोब तपासून घ्यावा, नियम सगळ्यांना सारखा लावा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इमोचं, म्हणजे पंकमधून निघालेल्या भावुक गाण्यांचं प्रकरण, कारण तिथे नाव हे सरळ काठी म्हणून वापरलं गेलं. सुरुवात १९८५ च्या आसपास, वॉशिंग्टनच्या हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंकवाल्या, पोरांनी मारामारीला कंटाळून जरा मनातलं गायला सुरुवात केली, राइट्स ऑफ स्प्रिंग वगैरे, आणि कोणीतरी त्याला इमोकोर म्हणायला लागलं, मकायने तेव्हाच या नावाला भर स्टेजवरून मूर्खपणा ठरवलं. वीस वर्षांनी तेच नाव माय केमिकल रोमान्स या बँडला चिकटलं, ज्यांचा आवाज क्वीनच्या जवळ जास्त आणि राइट्स ऑफ स्प्रिंगच्या जवळ कमी. त्यांचा गायक जेरार्ड वे यालाही ते नाव नको होतं. पण पेपरवाल्यांना हवं होतं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये डेली मेलने इमोला आत्महत्येशी जोडून असं काही छापलं की त्या बँडचे चाहते, बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरं, त्यांच्या ऑफिसबाहेर निदर्शनं करायला जमली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात शेकडो जणांच्या जमावाने इमो पोरांना शोधून शोधून मारलं, आणि मारणाऱ्यांत स्वतःला पंक म्हणवणारे होते असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. कशासाठी? केस डोळ्यांवर आणि पँट टाइट. म्हणजे ज्या पंकची अख्खी शेखी ही की आम्हाला केसांवरून पोलीस पकडतात.

आणि पकडतात खरंच. २०११ च्या डिसेंबरमध्ये इंडोनेशियात बांदा आचेला एका कॉन्सर्टमधून साठेक पंक पोरापोरींना पोलिसांनी उचललं, मुलांची डोकी भादरली, तळ्यात उतरवलं आणि 'सुधारण्यासाठी' पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन ठेवलं. त्या पोरांपैकी कोणी ब्लिंक-१८२ ऐकत होतं का, हे पोलिसांनी विचारलं नसणार.

मुलींच्या बाबतीत तर हे सर्टिफिकेटवाले जरा जास्तच कडक होतात. पॅरामोर या बँडला 'पोरींचा बँड' म्हणून बाजूला टाकायचं, त्यातलं संगीत ऐकायचंच नाही, गायिका हेली विल्यम्सच्या बरोबर वाजवणारे पुरुष असले तरी. तोच आवाज एखाद्या टॅटूवाल्या पोराने काढला की 'एनर्जी'. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीला रमोन्सचा टीशर्ट घातला म्हणून पाच गाणी सांग असं दरडावलं होतं, तिने पाच सांगितली आणि उलट विचारणाऱ्याला डीडी रमोन काय वाजवायचा विचारलं, तर साहेब म्हणाले ड्रम्स. (बेस, साहेब.)

आता आपल्याकडचं. मुंबई-पुण्यात हे संगीत आलं तेव्हा असे कप्पे नव्हतेच. एमटीव्ही, कॅसेट, मग दीडशे गाण्यांची पायरेटेड एमपीथ्री सीडी, ज्यात लिंकिन पार्कच्या खाली ग्रीन डे आणि त्याच्या खाली ब्रायन अ‍ॅडम्स, घरच्यांच्या लेखी सगळंच 'ते इंग्लिश'. धोबी तलावाच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक व्हायचं तिथे राज्य मेटलचं, तीन कॉर्डवाल्याला तिथे कोण विचारतो. मुंबईत रायट पेडलर्ससारखा बँड झाला, खरोखर पंक, आवाजानेही आणि बोलण्यानेही, पण ऐकणारे मूठभर. पंक कोण याच्यावर तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या गिगला गेले असतील देव जाणे.

म्हणून मला वाटतं की आपण बर्कलीचं भांडण उसनं आणलंय. तिथे त्या भांडणाला एक पत्ता होता, दार होतं, नियम होता, भाडं होतं. गिलमनवाला ग्रीन डेला पंक नाही म्हणाला तर त्याचा अर्थ 'तुम्हाला आमच्या स्टेजवर जागा नाही' असा होता. आपण म्हणतो तेव्हा कोणाला कुठून बाहेर काढतो? आपल्याकडे ते दारच नाही. ज्यांना ते भांडण मनापासून करायचंय त्यांनी आधी एखादी स्वस्त जागा उभी करावी जिथे सोळा वर्षांचं पोरगं शंभर रुपयांत जाऊन वाजवू शकेल, मग नियम ठरवा, मी स्वतः खुर्च्या लावायला येतो. आणि हो, रेसकोर्सचा मुद्दा. हजारोंचं तिकीट, सगळीकडे ब्रँडचे बोर्ड, वेगळ्या पैशांचा वेगळा मांडव, हे गिलमन नाही हे उघड आहे, आणि यावर टीका जरूर करा, तिकिटावर करा, आयोजनावर करा. 'बास्केट केस'वर नको. गंमत म्हणजे गिलमनने स्वतःच २०१५ मध्ये ग्रीन डेला एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी परत आत घेतलं. म्हणजे दार ज्यांचं होतं त्यांनी उघडलं आणि आपण इथे अजून कडी लावून बसलोय.

तर माझा नियम असा की नाव आवाजावरून द्या, वागण्याचा हिशोब वेगळ्या वहीत मांडा. आता यात एक गोची आहे. २०२० मध्ये मशीन गन केली नावाच्या रॅपरने अचानक गिटार उचलली, ब्लिंक-१८२ च्या ट्रॅव्हिस बार्करला निर्माता म्हणून बसवलं आणि 'टिकेट्स टू माय डाउनफॉल' काढला, जो बिलबोर्डवर थेट पहिल्या नंबरवर. मला तो माणूस अजिबात झेपत नाही, गिलमनसारख्या जागेत त्याने एक दिवस काढला नाही, कोट बदलावा तसा जॉनर बदलला, आणि त्याचा चेहरा बघितला की माझ्याही आतला तो दारावरचा माणूस जागा होतो. पण अल्बम लावला तर सा-प तेच, ड्रम्स तेच, गंधार गळ्यातच. माझ्याच नियमाने तो पॉप-पंक आहे. घ्या.